मेमरी भरली की लिनक्स का गोठतं?

मागच्या वेळी आपण व्हर्च्युअल मेमरी पाहिली. आज तिची दुसरी बाजू बघू. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, बाजूला लिबरऑफिस, मागे काहीतरी कंपाइल होतंय. आणि अचानक माउस अडखळतो, घड्याळ थांबतं, डिस्कचा दिवा मात्र सतत चालू. पाच मिनिटं वाट पाहून आपण पॉवरचं बटण दाबून धरतो. सेव्ह न केलेलं सगळं जातं. आमच्यापैकी एकाच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण असंच गेलं, म्हणून हा विषय आम्हाला जरा जवळचा.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "पण कर्नलमध्ये ओओएम किलर आहे ना? मेमरी संपली की तो एखादा प्रोग्रॅम मारतो." बरोबर. पण कधी? आता कुठूनच पान मोकळं होत नाही अशी कर्नलची खात्री पटली, तेव्हा. आणि कर्नल भलता चिवट! प्रोग्रॅमचा कोड डिस्कवरच्या फाइलमधून आलेला असतो, त्यामुळे त्याची पानं बिनधास्त टाकून देता येतात. लागली की पुन्हा वाचायची. मेमरी अगदी तळाला गेली की टाकलेलं पान पुढच्याच क्षणी लागतं. ते आणायला दुसरं टाकावं लागतं, आणि तेही लगेच लागतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. कर्नलच्या हिशेबाने पानं मोकळी होतायत, काम चालू आहे. आपल्या हिशेबाने मशीन मेलंय.

म्हणूनच "स्वॅप बंद करा, गोठणं थांबेल" हा सल्ला आम्हाला पटत नाही. स्वॅप नसला की प्रोग्रॅमच्या डेटाची पानं बाहेर काढायला जागाच उरत नाही, आणि सगळा भार कोडच्या पानांवर येतो.

आता निदान. 'फ्री' कमांड चालवल्यावर त्यातला 'फ्री' रकाना बघून घाबरू नका, तो कमीच असतो. बघायचा तो 'अव्हेलेबल'. 'व्हीएमस्टॅट १' दिलं की दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात एसआय आणि एसओ दोन्ही सतत मोठे दिसले तर स्वॅपमध्ये ये-जा चाललीय. स्वॅप नुसता भरलेला असणं हा दोष नव्हे. सगळ्यात प्रामाणिक आकडा मिळतो प्रॉकमधल्या प्रेशर डिरेक्टरीतल्या मेमरी फाइलमध्ये. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या ४.२० कर्नलपासून ही सोय आहे. 'फुल' ओळीत दहा सेकंदांची सरासरी ४० दिसली, तर त्यातला ४० टक्के वेळ काहीच पुढे सरकलं नाही, जे जागं होतं ते सगळं मेमरीची वाट बघत बसलं होतं.

हाच आकडा वापरून सिस्टिमडी-ओओएमडी कर्नलच्या आधी हात घालतो. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.०४ पासून तो आपोआप चालू असतो. तो प्रोग्रॅमचा गटच्या गट मारतो, त्यामुळे एका टॅबपायी अख्खा ब्राउझर जाऊ शकतो. अर्लीओओएम त्याहून साधा: उपलब्ध मेमरी आणि रिकामा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की एकच प्रोसेस निवडतो. घरच्या ४ जीबीच्या मशीनवर आम्ही हाच ठेवतो, जोडीला झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप.

आणि ऐन वेळी? ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ एकत्र दाबा. ओओएम किलर तिथल्या तिथे धावतो. फक्त उबुंटूमध्ये कर्नल डॉट सिसआरक्यूची किंमत सहसा १७६ असते, तिच्यात ही मुभा नाही. त्यात ६४ मिळवून २४० करा. हे आधी करायचं, गोठल्यावर नाही!

मशीन बंद करावंच लागलं, तर पुढच्या बूटनंतर जर्नलमध्ये मागच्या बूटचा कर्नल लॉग काढून 'आउट ऑफ मेमरी' शोधा. सापडलं तर कोण मेलं ते तिथेच कळेल. नाही सापडलं, तर किलर धावलाच नसेल किंवा ती नोंद डिस्कपर्यंत पोचली नसेल. दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचाही असू शकतो. रॅम वाढवून प्रश्न सुटतो का, असं आता कुणीतरी विचारेलच. बहुतेकदा सुटतो, पण मेमरी गळणारा प्रोग्रॅम १६ जीबीसुद्धा खातो, फक्त जरा उशिराने.