मोज्यात मावेल एवढं नगर!

नाताळ आला! खिडकीत चांदणी लागली, करंज्यांचा घाणा निघाला, केकची ऑर्डर गेली. राहिला तो भिंतीवरचा लाल मोजा. घरात माणसं सहा, मोजे सहा आणि बजेट एकच! नो टेन्शन. स्टॉकिंगमध्ये जायच्या वस्तू असतात बोटभर, आणि असल्या आयडियांचा स्टॉक आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ठासून भरलाय. चला, मोजा हातात घ्या आणि मोजायला लागा!

हा मोजा आला कुठून, माहीत आहे का? चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी (आजच्या तुर्कस्तानात) निकोलस नावाचे बिशप होते. तिथल्या एका गरीब बापाला तीन मुली, आणि हुंड्याला छदाम नाही. निकोलस रात्री गुपचूप आले आणि खिडकीतून सोनं टाकून गेले. ते पडलं वाळत घातलेल्या मोज्यात, अशी दंतकथा. जगातलं पहिलं स्टॉकिंग गिफ्ट, थेट गोल्ड!

त्या सोन्याची आठवण म्हणून पाश्चात्त्य घरांत मोज्याच्या टोकाला संत्रं ठेवतात, असं सांगतात. पण आपण नगरवाले संत्र्यावर का थांबायचं? डाळिंब ठेवा! ‘भगवा’ आणि ‘मृदुला’ हे दोन्ही गाजलेले वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, माहीत आहे का? लालेलाल, सांताच्या डगल्याला मॅचिंग. फक्त फळ लहान निवडा, लोकरीचा मोजा वजनानं लोंबतो. राहात्याचा पेरूही फर्स्ट क्लास, पण तो चोवीस तारखेच्या रात्रीच आत टाका. आदल्या दिवशी टाकलात, तर घमघमाटानं सगळं सरप्राइज फुटलंच म्हणून समजा.

आता जरा धक्का घ्या! अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली १८३१ साली. त्यांना पाठवणारी संस्था बोस्टनची. आणि त्याच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करायला चक्क बंदी होती, माहीत आहे का? पकडलं गेलं की पाच शिलिंग दंड! बंदी उठली तरी नाताळची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं. म्हणजे नगरातलं मिशन पंचवीस वर्षांचं झालं, तेव्हा कुठे त्यांच्या माहेरी सुट्टी लागली. हे वाचून मला तर नगरच्या नाताळचा डबल अभिमान वाटला.

थांबा, अजून आहे. मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरातून निघालं. आणि दुकानात विकायला आलेलं जगातलं पहिलं ख्रिसमस कार्ड? लंडन, १८४३. हेन्री कोल यांनी छापून घेतलेलं, किंमत एक शिलिंग. नगरचं नियतकालिक कार्डापेक्षा एक वर्षानं सीनियर!

म्हणून यंदा एक कार्ड घरीच बनवा. पुढे चांदणी काढा आणि मागे आजीच्या करंजीची कृती, तिच्याच अक्षरात. सारणात किती खोबरं, किती खसखस, मोहन किती कडकडीत, सगळं तिच्या तोंडून. घडी घालून सुनेच्या मोज्यात सरकवा. या यादीतलं माझं सगळ्यात लाडकं गिफ्ट हेच, आणि खर्च शून्य.

आईसाठी काय? खिशात मावणारी वही आणि चांगलं पेन. कारण? लक्ष्मीबाई टिळक! शाळेची पायरी न चढलेली ही बाई नवऱ्याकडून अक्षरं शिकली आणि पुढे तिनं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं. नवऱ्याचं, म्हणजे रेव्हरंड टिळकांचं, अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही तिनंच पुढे नेलं. दोघांच्या संसाराची कितीतरी वर्षं याच नगरात गेली. तुमच्या आईच्या वहीत काय उतरेल, सांगता येतं का?

जंप टू अंतराळ! १६ डिसेंबर १९६५. जेमिनी ६ यानातल्या वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी पृथ्वीला कळवलं की एक विचित्र वस्तू दिसतेय, आणि लगेच ‘जिंगल बेल्स’ वाजवायला सुरुवात केली. अंतराळात वाद्यांवर वाजवलेलं हे पहिलं संगीत! वाद्य कोणतं, माहीत आहे का? सोबत नेलेल्या घुंगरांसारख्या घंटा आणि जेमतेम इंचभर माउथ ऑर्गन. कॅरोल पार्टीत ढोलकी कोण घेणार यावर भांडणारा भाचा असेल, तर त्याच्या मोज्यात माउथ ऑर्गन टाका. मिटलं भांडण!

धाकट्यासाठी रणगाडा. हो, रणगाडा! नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून उभं आहे आणि तिथं देशोदेशीचे सुमारे पन्नास रणगाडे आहेत. मोज्यात जाईल तो खेळण्यातला, पण त्याला म्युझियमच्या फेरीचं प्रॉमिस लिहिलेली चिठ्ठी बांधा. चाकांचा पट्टा फिरताना बघणाऱ्या पोराचा चेहरा एकदा बघाच.

‘आपल्या घराला धुराडं नाही, मग सांता येणार कुठून?’ हा प्रश्न दर डिसेंबरात ठरलेला. मुलांना शनिशिंगणापूरचं सांगा! तिथं घरांना दार-कुलूप न लावण्याची परंपरा आहे. २०११ मध्ये यूको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली, माहीत आहे का? सांताला याच्यापेक्षा सोपा जिल्हा कुठला मिळणार?

आजोबांचा मोजा सगळ्यात अवघड. चष्मा आहे, मफलर आहे, घड्याळ तर नकोच म्हणतात. उत्तर आहे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात. राहीबाई पोपेरे, आपल्या बीजमाता! गावठी वाल, घेवडा, भाज्या, भात असं देशी बियाणं त्यांनी मडक्यांत, राख लावून जपलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मग करायचं काय? ओळखीच्या शेतकऱ्याकडून गावठी वालाचे मूठभर दाणे आणा. वहीच्या कागदाची पुडी करा आणि पेन्सिलीनं वर लिहा: ‘पाऊस पडल्यावर उघडणे.’ जूनमध्ये आजोबा कुंडी भरतील, वेल गॅलरीच्या गजांवर चढेल आणि पुढच्या नाताळाच्या आसपास शेंगा ताटात. एका पुडीत वर्षभराचा एंटरटेनमेंट पॅक!

आजीला अंगठ्याचे मोजे. मोज्यात मोजे, डबल धमाका! चपलेत घालायची ही फॅशन केवढी जुनी आहे, माहीत आहे का? इजिप्तमध्ये सापडलेले सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचे लोकरी मोजे असेच आहेत, अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र. त्यातला एक रंगीत पट्ट्यांचा चिमुकला मोजा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तो लहान मुलाचा आहे. नगरच्या थंडीत आजी जे घालून अंगणात फिरते, ते रोमन काळातलं डिझाइन!

मावशीला जपमाळ द्यायचीय? ही खरेदी मात्र सप्टेंबरातच उरका. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा १९४९ पासून भरते, आणि ती असते ८ सप्टेंबरच्या आसपास. तिथं घेतलेली माळ डिसेंबरपर्यंत कपाटात लपवणं, हीच खरी परीक्षा.

भरायचंही टेक्निक आहे बरं! टोकाला गोल वस्तू, म्हणजे फळ. टाचेत जड, म्हणजे रणगाडा. पायाच्या नळीत लांबट पेन आणि गुंडाळलेलं कार्ड. अगदी वर डोकावणारं काहीतरी, चॉकलेट किंवा चिक्की. चिक्की बटर पेपरमध्येच गुंडाळा, नाहीतर लोकर आणि गूळ यांची कायमची दोस्ती होते.

रेकॉर्ड हवंय? इटलीतल्या कारारा गावात २०११ च्या जानेवारीत ५१ मीटरपेक्षा लांब मोजा तयार झाला, थेट गिनेस बुकात!

जानेवारीत का? कारण इटलीत मोजे भरते बेफाना नावाची म्हातारी, ५ जानेवारीच्या रात्री. खोडकर मुलांच्या मोज्यात ती कोळसा टाकते, आणि हल्ली हा कोळसा असतो काळ्या साखरेचा, कुडुमकुडुम खायचा! साखर म्हटल्यावर आपण मागे कसे राहू? महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, १९५० साली लोणीला उभा राहिला. तेव्हा घरातल्या खोडकरासाठी काळपट गुळाचा एक खडा काढून ठेवा. आणि पंचवीस तारखेपर्यंत मोजे भरून झालेच नाहीत, तर बेफानाच्या तारखेपर्यंत कापड बाजारात अजून एक चक्कर सहज होते!