थंडीत सिकलच्या लेकरांना जपा

मैत्रिणींनो, आमच्या प्रतापगडकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, थंडी जरा जास्तच बोचते. जंगल जवळ, तळी-बोड्या जवळ. स्वेटर, शेकोटी, तिळाचे लाडू हे तर सगळ्याच करतो. पण आपल्या गोंदिया-गडचिरोली भागात सिकलसेल आहे, आणि त्या घरात थंडी म्हणजे नुसता गारठा नव्हे.

या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थंडीनं रक्तवाहिन्या आखडल्या की त्या पेशी अडकतात आणि हाडं, सांधे, पोट असह्य दुखतं. मग पोर किंवा सून अंथरुणातून उठली नाही, की "कामचोर आहे" म्हणून आपण मोकळ्या! मला याचा फार राग येतो. उन्हाळी धानाच्या रोवणीला अशा बाईला गार चिखलात उभं करूच नये.

आंघोळ कोमट पाण्यानंच. ओले कपडे लगेच बदला. हिवाळ्यात तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीनं पाजा. पाणी कमी पडलं तरी दुखणं उठतं. दुखऱ्या जागी कोमट शेक द्या, बर्फ नको. आणि दारं लावून खोलीत कोळशाची शेगडी तर कोणीच ठेवू नका, तिचा वायू झोपेतच जीव घेतो.

तपासणी राहिली असेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या. 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. आजार माहीत असलेल्या लेकराला ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.