अज्ञान मुलगी आणि पालकाची सही

आम्ही वकील नव्हे. कायद्याचे आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, गरजेपुरते झाले. हा विषयही असाच गळ्यात पडला.

२०२३ साली आमच्या एका यंत्रमाग कामगार बाईची सोळा वर्षांची भाची गरोदर राहिली. आई वारलेली, बाप परागंदा. मुलगी लहानपणापासून मावशीपाशीच. तिला गर्भपात हवा होता. दवाखान्यातल्या कारकुनाने एकच धोशा लावला, ‘बापाची सही आणा.’ बाप शोधण्यात दोन आठवडे गेले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, त्यापुढे चोवीसपर्यंत दोघांचे लागते. म्हणजे दोन आठवडे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता कायदा काय म्हणतो? १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार अठराच्या आतील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, हे खरे. पण पालक कोण? ज्याच्या देखभालीत ती मुलगी आहे, तो. बापच हवा असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. मावशीची सही पहिल्या दिवशीच चालली असती! आम्हीही ती व्याख्या तोवर वाचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

आणि पालकाची संमती लागते म्हणून पालकाची सक्ती चालते, असेही नाही. मूल हवे असलेल्या एका अज्ञान मुलीचा गर्भपात तिच्या बापाच्या इच्छेने करवण्यास मद्रास उच्च न्यायालयाने नकार दिला.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, चौदा वर्षांवरील मुलाला न्यायालयाकडून आईबापांच्या सत्तेतून मोकळे होता येते. आपल्याकडे तशी वाट नाही. लग्न लावले की मुलगी मोकळी, अशी समजूत वस्तीत आहे. पण हिंदूंच्या १९५६ च्या पालकत्व कायद्याने अज्ञान पत्नीचा पालक नवरा होतो. ताबा तेवढा बदलतो. गंमत अशी की, त्याच कायद्याने अविवाहित अज्ञान मातेच्या मुलाची नैसर्गिक पालक मात्र तीच!

पुष्कळजण पोलिसांच्या भीतीने भोंदू वैदूकडे जातात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरला खबर द्यावी लागते, हे खरेच. परंतु मुलीने व पालकाने विनंती केल्यास त्या खबरीत तिचे नाव, ओळख देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले आहे. हे डॉक्टरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

‘पालक’ शब्दाची ती व्याख्या आम्ही टंकून कचेरीच्या भिंतीवर लावली आहे. नक्कल हवी असेल त्यांनी कचेरीत येऊन न्यावी.