कळल्याचा आव

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, पुण्याच्या रस्त्याने निघाले की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९८५ साली सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले आणि कारखान्यांमागून कामगारांची कुटुंबे आली. कोणी बीड-परभणीकडची, कोणी खानदेशातली, कोणी वऱ्हाडातली. त्यामुळे इथल्या शाळेच्या एकाच वर्गात एकच प्रश्न तीन तऱ्हांनी ऐकू येतो: ‘काय करायलास?’, ‘काय करी ऱ्हायना?’, ‘काय करून राह्यला?’

अशाच एका शाळेत आम्ही नववीच्या वर्गापुढे ‘घर्षण’ या विषयावर बोलायला गेलो होतो. बोलणे मध्यावर आले असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, माझ्या मणात एक प्रश्ण आहे.’’ पुढच्या बाकांवर खसखस पिकली आणि पाहता पाहता वर्गभर पसरली. वर्गशिक्षकही हसत म्हणाले, ‘‘पाहुणे आले म्हणून आज लई शुद्ध बोलायला लागला!’’ मुलगा खाली बसला. वेळ थोडा होता. आम्हीही थांबलो नाही, पुढे बोलत राहिलो. शेवटी विचारले, ‘‘कळलं का?’’ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘हो!’’

त्या तासात दोनदा आव आणला गेला. पहिला सगळ्यांच्या लक्षात आला आणि त्याला सगळे हसले. दुसरा कोणालाही खटकला नाही. या दोहोंपैकी घातक कोणता, याचा विचार आम्ही परतीच्या वाटेवर करत होतो. तिसरा आव आमचाच होता. तो शेवटी सांगू.

न आणि ण

त्या मुलाचे घर मूळचे बुलढाण्याकडचे. वऱ्हाडीत, अहिराणीत आणि इतरही अनेक बोलींत ‘ण’च्या जागी बहुधा ‘न’ येतो: पानी, कोन, पन. यात आळस नाही आणि जिभेचा दोषही नाही. ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. ‘ण’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते. माणसाच्या तोंडातून निघू शकणाऱ्या असंख्य ध्वनींपैकी काही फरक प्रत्येक भाषा उपयोगात आणते, काही सोडून देते. हिंदीत ‘पानी’ म्हणणारा सुशिक्षित ठरतो, मराठीत तेच म्हणणारा अडाणी. ध्वनी तोच, त्याला दिलेली किंमत तेवढी निराळी.

असा मुलगा शाळेत आला की त्याला सांगितले जाते, ‘पानी नव्हे पाणी, कोन नव्हे कोण.’ त्यातून तो आपला एक नियम काढतो: शाळेत ‘न’चा ‘ण’ करायचा. पण कोणत्या ‘न’चा? ज्याच्या घरी दोन्ही ध्वनी बोलले जातात त्याला हा नियम लागतच नाही, त्याचे काम कान करतो. ज्याच्या घरी एकच ध्वनी आहे त्याच्या कानाला ही खूण मिळालेली नसते. मग तो आपला नियम सगळीकडे लावतो आणि ‘मन’ व ‘प्रश्न’ या निर्दोष शब्दांनाही ‘ण’ चिकटतो.

याला आपण ‘अतिशुद्धी’ म्हणू. लक्षात घ्या, ही चूक ज्याने काहीच शिकून घेतले नाही त्याच्या हातून होत नाही. ज्याने नियम शोधला आणि तो लावून पाहिला त्याच्याच हातून ती होते. सुशिक्षितांच्या बोलण्यातही ती सापडते. ‘परंपरा’पासून ‘पारंपरिक’ होते, पण शब्द भारदस्त वाटावा म्हणून आणखी एक काना चढतो आणि ‘पारंपारिक’ तयार होते. ‘कोटी’ आणि ‘अधीश’ यांचा संधी ‘कोट्यधीश’ असा असताना ‘कोट्याधीश’ छापले जाते. त्याला मात्र कोणी खसखसून हसत नाही.

चौथ्या मजल्यावरचा ‘र’

बोलण्यातला आव मोजता येतो का? अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये एक साधा प्रयोग केला. तिथल्या इंग्रजीत त्या वेळी ‘फोर्थ फ्लोअर’मधला ‘र’ उच्चारणे प्रतिष्ठेचे, तर गाळणे कमी दर्जाचे मानले जाई. त्यांनी तीन मोठी दुकाने निवडली: एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे आणि एक स्वस्तातले. चौथ्या मजल्यावर कोणता माल मिळतो हे आधी पाहून घेतले आणि विक्रेत्यांना ‘तो माल कुठे मिळेल?’ असे विचारत ते फिरले. उत्तर आले की ऐकू न आल्यासारखे करायचे. मग माणूस तेच शब्द जरा जपून पुन्हा उच्चारी. अशी २६४ जणांची उत्तरे त्यांनी टिपली. महागड्या दुकानात साठ टक्क्यांहून अधिक जणांच्या बोलण्यात ‘र’ आला, मधल्यात सुमारे निम्म्यांच्या, तर स्वस्त दुकानात सुमारे पाचव्या हिश्श्याच्या.

खरी गंमत दुसऱ्यांदा दिलेल्या उत्तरात होती. महागड्या दुकानातल्यांचा ‘र’ जवळजवळ होता तेवढाच राहिला. मधल्या दुकानातल्यांचा चांगलाच वाढला. लबॉव्ह यांच्या १९६६ च्या ग्रंथातही हेच दिसले. अगदी जपून वाचायला सांगितले की निम्न मध्यमवर्गातील माणसे वरच्या वर्गापेक्षाही जास्त ‘र’ उच्चारत. त्यांनी याचा संबंध भाषेविषयीच्या असुरक्षिततेशी जोडला. आपले बोलणे कमी प्रतीचे आहे असे ज्याच्या मनावर बिंबलेले असते आणि ज्याला वर चढायचे असते, तो पायरी चुकून एक पाऊल जास्त टाकतो. म्हणजे हा आव जितका बोलणाऱ्याविषयी सांगतो, तितकाच त्याला जोखणाऱ्या कानांविषयीही सांगतो.

सगळीच नक्कल ढोंग नसते

घरी आईला माहेरचा फोन आला की तिचा सूर, हेल, क्वचित क्रियापदेही बदलतात, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ती ढोंग करत नसते. समोरच्याशी जवळीक साधताना माणसाचे बोलणे नकळत त्याच्या बोलण्याकडे सरकते. हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या सरकण्याचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे.

शिष्टाचाराचेही तसेच आहे. पाहुणा ‘नको, नको, पोट भरलं’ म्हणतो आणि यजमान तरीही एक पोळी वाढतो. यात कोणीच फसत नाही, कारण खेळाचे नियम दोघांनाही ठाऊक असतात. आव निराळा. त्यात ऐकणारा फसावा अशी इच्छा असते आणि पुष्कळदा ती इच्छा भीतीतून येते: आपण उघडे पडू, लोक हसतील. ही कसोटी घेऊन आता त्या ‘हो!’कडे वळू.

सायकल काढून दाखवा

‘कळलं का?’ला आलेल्या उत्तरावर आमचा विश्वास बसेना. तासाची दहा मिनिटे शिल्लक होती. आम्ही सर्वांना कागदावर सायकलचे चित्र काढायला सांगितले: चौकट, पायटे, साखळी, दोन चाके. गावात दुचाक्या तयार होतात आणि वर्गातली निम्मी मुले सायकलवर येतात. तरीही कोणाची साखळी दोन्ही चाकांना वेढा घालून गेली, तर कोणी पुढचे चाक चौकटीला असे जखडले की हँडल वळणेच अशक्य.

ही मुले मंद नव्हती. रिबेका लॉसन यांनी २००६ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात प्रौढांकडून असेच काम करून घेतले. सायकल न चालवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आणि नेहमी चालवणाऱ्यांपैकीही काहींनी अशाच चुका केल्या. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना कुलूप, कपड्याची चेन, शिवणयंत्र अशा वस्तूंचे कार्य आपल्याला किती समजते याचे गुण स्वतःलाच द्यायला सांगितले. मग ते कार्य पायरीपायरीने लिहायला लावले आणि पुन्हा गुण मागितले. दुसऱ्या वेळी गुण खाली आले. म्हणजे ‘कळलं’ म्हणणारा प्रत्येक जण खोटे बोलत नसतो. आपल्याला कळले नाही, हे त्यालाही सांगायला बसेपर्यंत कळत नाही.

काही वेळा मात्र आव जाणूनबुजून असतो. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना गणितातल्या कोणत्या संकल्पना ओळखीच्या आहेत असे विचारले होते. त्या यादीत अस्तित्वातच नसलेल्या तीन संकल्पना मुद्दाम घुसवल्या होत्या. इंग्रजी बोलणाऱ्या नऊ देशांतील सुमारे चाळीस हजार मुलांच्या उत्तरांचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या खोट्या संकल्पना ‘ठाऊक आहेत’ असे सांगण्यात मुलींपेक्षा मुलगे आणि गरीब घरांपेक्षा सुखवस्तू घरांतली मुले पुढे होती.

आता वाळूजच्या त्या वर्गाशी हे ताडून पाहा. वर चढू पाहणाऱ्याचा आव त्याच्या उच्चारातून फुटतो आणि त्याला हसू येते. ज्याचा उच्चार आधीच ‘बरोबर’ आहे त्याचा आव सफाईदार असतो. तो ज्ञान म्हणून खपून जातो.

तिसरा आव

तास संपल्यावर तो मुलगा नळापाशी भेटला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने आपल्या घरच्या बोलीत विचारले, ‘‘सर, ब्रेक दाबला का गाडी थांबते. पन चाक जाम झालं, का गाडी घसरत जाते. मंग घर्षन जाते कुठं?’’

त्या दिवसातला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. चाक लोळत असते तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी रस्त्यावरून घसरत नसतो. तेथे स्थितिक घर्षण काम करते. चाक जाम झाले की टायर रस्त्यावरून फरफटतो आणि स्थितिकाच्या जागी गतिक घर्षण येते. ते साधारणपणे कमी असते. घर्षण कुठे जात नाही, कमी पडते. म्हणूनच चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा निघाली आणि १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाक्यांना ती आपल्याकडे २०१९ पासून सक्तीची झाली.

हेच दोन शब्द आम्ही तासभर फळ्यावर लिहून पुसत होतो. ‘पृष्ठभागांमधील सापेक्ष गतीच्या अभावी’ अशी वाक्ये आम्ही बोललो होतो. ती सोपी करता आली असती. पण पाहुणा शास्त्रज्ञ शास्त्रज्ञासारखा वाटला पाहिजे ना! आमचा तिसरा आव तो हाच. त्या मुलाने ‘प्रश्ण’ म्हणावे, हे त्याला आमच्याच वाक्यांनी शिकवले होते.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना मुंबईत १९७४ साली झाली. तेथे प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या काळातच विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली. भाषेचा अडसर काढला की मुलांचे विज्ञानाचे आकलन वाढते, असे त्यांना आढळले. मुलांना जड जात होते त्यातले बरेच काही विज्ञान नव्हतेच, त्यावर चढवलेला भाषेचा पोशाख होता.

वर्गात काय करता येईल?

‘कळलं का?’ हा प्रश्न शक्यतो विचारूच नये, कारण त्याला एकच सुरक्षित उत्तर आहे. त्याऐवजी ‘चित्र काढा’, ‘शेजाऱ्याला सांगा’, ‘कुठे अडलं?’ असे विचारावे. प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले. ते तीन सेकंद थांबू लागले, तर मुलांची उत्तरे लांबली आणि मुले स्वतः अधिक प्रश्न विचारू लागली.

शंका घरच्या बोलीत आली तर तशीच घ्यावी. आधी उत्तर द्यावे, मग परिभाषा द्यावी. प्रमाण भाषा शिकवायची नाही असा याचा अर्थ नव्हे. परीक्षेत आणि नोकरीत ती लागतेच. पण ‘पाणी’चा ‘ण’ भाषेच्या तासाला ऐकवून, म्हणवून, शब्दाशब्दाने शिकवता येतो. शंका विचारायला उभ्या राहिलेल्या मुलाला अडवून तो शिकवू नये.

आणि वर्षातून चारदोनदा तरी शिक्षकाने वर्गापुढे म्हणावे, ‘हे मला माहीत नाही. पाहून सांगतो.’ त्या दिवशी नळापाशी दिलेले उत्तर आम्ही वर्गात परत जाऊन सर्वांपुढे द्यायला हवे होते. ‘हा प्रश्न याचा’ असे सांगायला हवे होते. आम्ही ते केले नाही, गाडीत बसून निघून आलो.