नाइस, म्हणजे मूर्ख

गेल्या गणपतीत मावशीने उकडीच्या मोदकांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मोजून एकवीस कळ्या, एकही फाटलेली नाही. खाली भराभर उत्तरं आली: नाइस, सो नाइस, व्हेरी नाइस मावशी. मावशी खूश.

सातशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये तिला कुणी 'नाइस मावशी' म्हटलं असतं, तर मोदकांचं ताट उचलून ती थेट स्वयंपाकघरात गेली असती. कारण तेव्हा 'नाइस' म्हणजे मूर्ख. चक्क मूर्ख!

मग शिवीचं कौतुक झालं कसं?

लॅटिनमध्ये 'स्किरे' म्हणजे जाणणे. त्याच्या आधी नकार जोडला की 'नेस्कियुस', म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. हा शब्द फ्रेंचांच्या तोंडी झिजून आखूड झाला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंचचा रुबाब सुरू झाला. त्या लाटेत आलेल्या शेकडो शब्दांबरोबर १३०० च्या सुमारास हा अडाणीही इंग्रजीत येऊन बसला.

इथे जरा थांबा, कारण या एवढ्याशा शब्दात दोन गमती आहेत. ज्या 'स्किरे'पासून हा शब्द निघाला, त्याच 'स्किरे'पासून 'सायन्स' निघाला. सायन्स म्हणजे जाणणं आणि नाइस म्हणजे न जाणणं: सख्खी भावंडं, एक पहिल्या बाकावरचं, दुसरं शेवटच्या. आणि सुरुवातीचा तो नकार? लॅटिनचा 'ने' आणि संस्कृतचा 'न' एकाच घरातले. म्हणजे 'नाइस' मधला न हा आपल्या 'नको' आणि 'नाही' मधल्या न चा भाऊबंद! एवढी वर्षं आपण कौतुक करताना आरंभीच नकार देत होतो आणि पत्ताच नव्हता.

शब्दाचा अर्थ एका रात्रीत उलटत नाही. तो पायरी पायरीने सरकतो आणि प्रत्येक पायरी तेव्हाच्या लोकांना अगदी रास्त वाटते. मूर्ख माणूस चारचौघांत बुजतो, म्हणून 'नाइस' म्हणजे बुजरा. बुजऱ्याला हे चालत नाही, ते खपत नाही, म्हणून नखरेल, चोखंदळ. आता आपलाच 'चोखंदळ' बघा. सासूने सुनेला म्हटलं तर टोमणा, साडीवाल्याने गिऱ्हाइकाला म्हटलं तर तारीफ. नेमका याच उंबऱ्यावर 'नाइस'ने कूस बदलली. चोखंदळाची नजर बारीक, म्हणून नाइस म्हणजे सूक्ष्म, काटेकोर. काटेकोरपणे केलेलं काम बघायला बरं वाटतं. झालं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'नाइस' म्हणजे छान!

आणि मग तो इतका सैल झाला की कुठेही लागू लागला. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या १८१७ च्या अखेरीस आलेल्या कादंबरीत नायिका एका पुस्तकाला 'नाइस' म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो: दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस, वा! दोनशे वर्षं झाली, टिल्नीचं कुणी ऐकलेलं नाही.

याच्या बरोबर उलट दिशेने एक शब्द गेला, 'सिली'. जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ रूप म्हणजे सुखी, धन्य. धन्य माणूस निष्पाप, निष्पाप तो भोळा, भोळा तो बिचारा, आणि बिचारा होता होता बावळट. एक जिना चढत होता, दुसरा उतरत होता. जर्मनमध्ये मात्र त्याचं भावंड 'झेलिग' आजही धन्यच आहे.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. 'मस्त' फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ झिंगलेला. 'मस्तवाल' मध्ये ती झिंग अजून उतरलेली नाही. 'साहस' हा तर मनुस्मृतीत गुन्हा आहे, बळजबरीचा. आज शाळेत साहसाला पदक मिळतं. आणि 'मला हे गाणं भयंकर आवडलं' म्हणताना भीती कुणाला वाटते?

वापरताना मात्र या गोड 'नाइस'चे नखरे कायम आहेत. पहिल्या भेटीत 'नाइस टू मीट यू', ओळखीच्याला पुन्हा भेटलात तर 'नाइस टू सी यू'. कुणी आपल्याशी चांगलं वागत असेल तर 'शी इज नाइस टू मी'. पण त्या एका कृतीचं कौतुक करायचं तर 'टू' नाही, 'ऑफ': 'इट वॉज नाइस ऑफ यू टू कम'. 'नाइस अँड वॉर्म' मध्ये छान आणि ऊबदार अशा दोन गोष्टी नाहीत. मस्तपैकी ऊबदार, एवढंच. आणि नेम चुकल्यावर कुणी 'नाइस ट्राय' म्हणालं तर फार फुलू नका.

एक प्रयोग करा. 'अ नाइस लिटल वुडन बॉक्स' हा क्रम इंग्रज कधी मोडत नाही: आधी मत, मग आकार, शेवटी लाकूड. आता मराठीत म्हणा, 'छान छोटीशी लाकडी पेटी'. बसलं. 'लाकडी छोटीशी छान पेटी' म्हणून बघा, जीभ अडखळते ना? हे व्याकरण आपल्याला कोणत्या इयत्तेत शिकवलं होतं?

आणि एखाद्या न्यायालयीन निकालात किंवा जुन्या निबंधात 'अ नाइस डिस्टिंक्शन' दिसलं, तर कुणी कुणाची पाठ थोपटतंय असं समजू नका. तिथे तो शब्द त्या काटेकोर पायरीवरच बसलेला आहे. अर्थ फक्त 'बारीकसा फरक'.