तांबडी रेघ आणि बंदुकीची गोळी

२०२० साली अमेरिकेत दर लाख काळ्या लोकांमागे सुमारे २७ जणांचा बंदुकीने खून झाला. दर लाख गोऱ्यांमागे हा आकडा सुमारे २ होता. हे ऐकून कोणी म्हणतो, ‘त्यांच्या रक्तातच ते आहे.’ रक्तात असते, तर काळा माणूस कोठेही राहो, आकडा सारखाच यायला हवा. तसा तो येत नाही. गोळीबार ठराविक वस्त्यांतच साचलेला दिसतो. तेव्हा आपण वस्तीकडे पाहू.

या वस्त्या आपोआप झाल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतले काळे मजूर शिकागोच्या कत्तलखान्यांत व पोलाद-कारखान्यांत आले. गोऱ्या घरमालकांनी आपापसांत करार केले, की काळ्याला घर विकायचे नाही. १९३० नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज-संस्थेने शहरांचे नकाशे काढले; त्यांत काळ्यांच्या वस्त्या तांबड्या रंगवून धोक्याच्या ठरवल्या. १९३४ पासून सरकार घरकर्जाला हमी देऊ लागले. ती या वस्त्यांना बहुधा मिळाली नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते करार अंमलात आणण्यास नकार दिला, १९६८ साली घरविक्रीतला वर्णभेद कायद्याने बंद झाला. पण कागदावरची रेघ पुसली म्हणून जमिनीवरची पुसत नाही.

कामगाराची मोठी पुंजी म्हणजे घर. कर्ज नाही म्हणून घर नाही, डागडुजी नाही; घरे पडली, जागा ओस पडल्या. तेथे शाळांचा बराच खर्च घरपट्टीवर चालतो. वस्ती गरीब, तर शाळाही गरीब. त्यातच रोजगार गेला. शिकागोचा गुरांचा प्रचंड बाजार १९७१ साली उठला, दक्षिण भागातला मोठा पोलाद-कारखाना १९९२ साली बंद झाला. बेकार पोरगा, सहज मिळणारी बंदूक, आणि खुनी पकडला जाईल यावर कोणाचाच भरवसा नाही. मग एका खुनाचा सूड दुसऱ्या खुनाने घेतला जातो.

उपाय आहे काय? फिलाडेल्फियात ५४१ ओस जागांपैकी काही, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून, साफ केल्या. गवत व झाडे लावली, बुटके कुंपण घातले. बाकीच्या तशाच ठेवल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत गोळीबार सुमारे २९ टक्क्यांनी घटला. माणसे तीच होती. बदलली ती जागा.

गवताने रोजगार येत नाही, हे मी युनियनवाला जाणतो. पण जी वस्ती कायद्याने आणि कर्जाने बिघडवली, ती कायद्याने आणि कर्जानेच सुधारावी लागेल. रक्ताला दोष देणारा हे काम टाळू पाहतो.