कप मोजू नका, वॅट पाहा

दिवाळीच्या खरेदीत आता मिक्सर आणि एअर फ्रायरच्या शेजारी कॉफी मशीनही मांडलेले दिसते. नाव एकच, पण त्यात दोन अगदी वेगळी यंत्रे येतात. एक एस्प्रेसोचे. त्यात साधारण नऊ बार दाबाने गरम पाणी बारीक पुडीतून ढकलले जाते आणि वाफेच्या नळीने दुधाला फेस आणता येतो. दुसरे ड्रिपचे. त्यात दाब नाही, फेस नाही, दुधाचा संबंध नाही. गरम पाणी वरून पुडीवर थेंबाथेंबाने पडते, कागदातून गाळले जाते आणि खालच्या काचेच्या भांड्यात कॉफी जमते. हा लेख या दुसऱ्या यंत्राविषयी आहे. भारतात दोन-चार हजार रुपयांत ते मिळते आणि नीट निवडले तर त्या पैशात उत्तम कॉफी देते.

मात्र सगळ्यांनी ते घेऊ नये, हे आधीच सांगायला हवे. आपल्याकडे कॉफी म्हणजे बहुतेक घरांत दूध उकळून, साखर आणि जायफळ घालून केलेली कॉफी. तमिळ आणि कन्नड घरांतला फिल्टर दाट अर्क देतो आणि त्यात भरपूर दूध ओतले तरी चव टिकते. ड्रिपची कॉफी त्या जातीची नाही. तिच्यात विरघळलेला कॉफीचा अंश सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, बाकी सारे पाणी. तिच्यात निम्मे दूध घातले तर ना धड दूध, ना धड कॉफी. दुधाची कॉफी आवडत असेल तर स्टीलचा दक्षिणी फिल्टर घ्या. तो काही शे रुपयांत मिळतो, त्याला वीज लागत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. घरात दोन-तीन माणसे कोरी किंवा चमचाभर दुधाची कॉफी मगभर पीत असतील, तर मात्र ड्रिपसारखे सोयीचे काही नाही.

या यंत्राच्या मुळाशी एका गृहिणीची खटपट आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ यांना कपाच्या तळाशी राहणारा गाळ नकोसा झाला होता. त्यांनी पितळेच्या भांड्याला भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर ठेवला आणि १९०८ साली त्या गाळणीची नोंदणी केली. मेलिटा हे नाव फिल्टरच्या पाकिटांवर आजही आहे. विजेवर चालणारे पहिले ड्रिप यंत्रही जर्मनीतलेच : गॉटलोब विडमन यांचे विगोमॅट, १९५४ सालचे. अमेरिकन घरांत तेव्हा पर्कोलेटर होता आणि त्यात तीच कॉफी पुन्हापुन्हा उकळून कडवट होई. १९७२ साली ओहायोतून मिस्टर कॉफी हे यंत्र बाजारात आले आणि घरगुती कॉफीची चालच बदलली.

आजचे स्वस्त यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. टाकीतले पाणी एका छोट्या झडपेतून खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत उतरते. ती नळी तापली की आतले पाणी उकळू लागते. झडप एकाच दिशेने उघडत असल्याने त्याला मागे जाता येत नाही, म्हणून वाफेचे बुडबुडे पाण्याला वरच्या नळीतून पुडीपर्यंत ढकलतात. त्यात पंप नाही की मोटर नाही. शेवटी जो मोठा खळखळाट होतो, तो टाकी रिकामी झाल्याचा. इतक्या साध्या रचनेत बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि म्हणूनच स्वस्त यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही.

स्वस्त यंत्र फसते ते एका ठिकाणी : टाकी मोठी आणि ताकद कमी. कॉफी चांगली उतरायला पाणी सुमारे ९२ ते ९६ अंश सेल्सिअस तापलेले हवे आणि पाणी-पुडीची गाठ चार ते आठ मिनिटांत संपायला हवी. लवकर आटोपले तर कॉफी आंबट आणि पातळ लागते, रेंगाळले तर कडू. आता हिशेब करा. ६०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९३ अंशांवर न्यायला ६०० वॅटला पावणेपाच मिनिटे लागतात. वाया जाणारी उष्णता धरली तरी साडेपाच-सहा. हे अगदी योग्य. पण साधारण तेवढ्याच, म्हणजे ६५० वॅटच्या यंत्राला सव्वा लिटरची टाकी असेल, तर भरलेली टाकी उपसायला नऊ मिनिटांहून जास्त लागणार आणि कॉफी बिघडणार. म्हणून खोक्यावर दर १०० मिलिलिटरमागे ८० ते १०० वॅट आहेत का, ते पाहा. माझ्या मते रंग, टायमर, डिजिटल घड्याळ या सगळ्यांहून हा एक भागाकार महत्त्वाचा आहे.

खोक्यावरचे कप मात्र मनावर घेऊ नका. यंत्रवाल्यांचा कप बहुधा १०० ते १५० मिलिलिटरचा असतो, कधी त्याहूनही लहान, आणि आपला मग २५० चा. सात कपांचे म्हणून विकले जाणारे ६०० मिलिलिटरचे यंत्र प्रत्यक्षात दोन मग देते, कारण थोडे पाणी पुडीतच मुरते. दोघा-तिघांच्या घराला ते पुरेसे आहे. पाहुणे आले तर दुसरा घाणा काढावा. मोठ्या यंत्रात रोज पाव टाकी पाणी घालण्यापेक्षा ते बरे, कारण रुंद गाळणीत थोडी पूड पसरली की पाणी तिच्यातून भर्रकन निघून जाते.

काचेच्या भांड्याखालची गरम तबकडी ही या यंत्राची दुसरी दुखरी बाजू. एकच कॉईल पाणीही तापवते आणि तबकडीही. अर्ध्या तासात तिच्यावरच्या कॉफीचा वास उडतो आणि कडवटपणा चढतो. युरोपीय संघाने २०१५ पासून अशी यंत्रे ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सक्ती केली ती विजेच्या बचतीसाठी, पण त्यात कॉफीचेही भले झाले. आपल्याकडच्या स्वस्त यंत्रांत ही सोय असेलच असे नाही, तेव्हा विचारून घ्या. थर्मासचे भांडे असलेले यंत्र परवडले तर फारच छान. नाहीतर कॉफी उतरताच बटण बंद करा आणि ती घरातल्या थर्मासमध्ये ओता. सुटे काचेचे भांडे मिळते का, हेही घेण्याआधी विचारा. ते एकदा फुटले आणि दुसरे मिळाले नाही, तर चांगले चालणारे यंत्र अडगळीत जाते.

यंत्रासोबत बहुधा नायलॉनची जाळी येते. ती धुऊन पुन्हा वापरता येते, पण बारीक गाळ आणि तेल तिच्यातून खाली उतरते. कागद दोन्ही अडवतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतो. ज्यांना ते जपायचे आहे, त्यांनी जाळीत कागद घालावा आणि पूड टाकण्याआधी तो गरम पाण्याने ओला करून घ्यावा.

पुडीचे काय? दक्षिणी फिल्टरसाठी दळलेली चिकोरीमिश्रित पूड या यंत्रात घालू नका. ती फार बारीक असते, कागद तुंबतो आणि गाळणी वरून वाहू लागते. माटुंग्याच्या किंवा तुमच्या गावातल्या कॉफीच्या दुकानात ‘चिकोरी नको, रव्याइतकी जाड दळा’ एवढे सांगितले की काम होते. प्रमाण लिटरला ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे ६०० मिलिलिटरला सुमारे ३५ ग्रॅम किंवा मोठे सात सपाट चमचे. यंत्र सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाने ते बंद करा, भिजलेली पूड चमच्याने हलकेच ढवळा, मिनिटभराने पुन्हा सुरू करा. स्वस्त यंत्रात पाणी बहुधा एकाच भोकातून मध्यावर पडते आणि कडेची पूड कोरडी राहते. एवढ्या ढवळण्याने ती उणीव बरीचशी भरून निघते.

अमेरिकेतल्या मुलांकडून यंत्र मागवण्याचा विचार असेल तर सोडून द्या. तिथले यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर त्याची कॉईल जवळजवळ पावणेचारपट वीज ओढते आणि जळते. त्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि त्याच्या पैशांत इथले नवे यंत्र येऊ शकते.

बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी एक काळजी अवश्य घ्यावी. त्या पाण्यातला क्षार अरुंद नळीत साचतो, वाट आवळतो आणि यंत्र महिन्यागणिक मंद होत जाते. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून, पूड न घालता, ते यंत्रातून जाऊ द्या. निम्म्यावर थांबून अर्धा तास तसेच ठेवा, मग उरलेले सोडा आणि दोनदा साध्या पाण्याने धुऊन काढा. पाणी फार जड असेल तर हे महिन्याला करावे, एरवी तीन महिन्यांनी चालते.

सहा-सात हजार रुपये खर्च करायची तयारी असेल, तर ते सगळे यंत्रात घालू नका. यंत्र अडीच-तीन हजारांचेच घ्या, उरलेल्या पैशांत हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडर घ्या आणि चिकमगळूर किंवा कोडगूच्या ताज्या भाजलेल्या बिया आणून रोज लागतील तेवढ्याच दळा.